पारितोषिकांची आरास आणि शिष्यवृत्तीचा हक्क

वास्तुकला आणि नगररचना शिकविणाऱ्या आपल्या महाविद्यालयांत वर्षाअखेर पारितोषिक-वितरणाचे समारंभ होतात. भिंतींवर आराखडे लागतात, मेजांवर पुठ्ठ्याच्या आणि लाकडाच्या सुबक प्रतिकृती मांडल्या जातात, एखाद्या सिमेंट किंवा रंग उत्पादकाने पुरस्कृत केलेले पदक गुणी विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते आणि टाळ्यांच्या गजरात वर्ष संपते. ह्या समारंभांविषयी आमची तक्रार नाही. तरुणांच्या गुणांचे कौतुक समाजाने केलेच पाहिजे. परंतु त्या व्यासपीठापर्यंत कोण पोहोचतो आणि कोण वाटेतच गळतो, हा प्रश्न विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यात तरी तो विचारलाच पाहिजे.

कामगारकपातीचा, कंत्राटी पद्धतीचा, किमान वेतनाचा प्रश्न समोर उभा असताना श्रमिकांच्या पक्षाने वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची चिंता का वाहावी, असे आमचे काही कार्यकर्ते विचारतील. त्याचे उत्तर ह्याच पट्ट्याच्या इतिहासात आहे.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने येथे उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९७१ पर्यंत लाखाच्या आत असलेली ह्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजारांवर गेली. एवढी माणसे यंत्रांच्या मागोमाग येणार हे शासनास ठाऊक नव्हते असे नाही. म्हणून तर १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले. औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे नियोजनपूर्वक उपलब्ध करून देणे, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

त्या हेतूचे पुढे काय झाले हे येथील प्रत्येक जण जाणतो. १९७२ ते १९८३ ह्या काळात ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या, ते शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी दशकानुदशके शासनाचे उंबरठे झिजवत राहिले. घर ही ज्याची पहिली गरज, त्या कामगाराने प्राधिकरणाची वाट पाहून शेवटी गुंठा-अर्धा गुंठा जागा घेऊन जमेल तसे घर बांधले, आणि ते अनधिकृत ठरले. त्यावर शास्तीकर बसला. तो २०२३ साली शासनास माफ करावा लागला. २०१७ मध्ये नियोजित वर्तुळाकार रस्त्याने थेरगाव, रहाटणी, काळेवाडी, बिजलीनगर या भागांतील घरांवर रेषा ओढली, तेव्हा त्या घरांतील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. प्राधिकरण मात्र २०२१ मध्ये विसर्जित झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीत भंगाराची गोदामे आणि छोटे कारखाने मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आले. कारखान्यांतून निघणारे भंगार गोळा करून, निवडून, पुन्हा उत्पादनाच्या चक्रात घालणाऱ्या ह्या श्रमिकांनी काम कोठे करावे, याचे उत्तर पाडकामाच्या आधी कोणत्याही नकाशावर लोकांना दिसले नव्हते.

चाकणची कथा ह्याहून निराळी नाही. ती फक्त अधिक वेगाने घडली. बजाजचा कारखाना तेथे १९९९ मध्ये आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ आले, पाठोपाठ महिंद्र आले. खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, निघोजे ह्या गावांवर, म्हणजे मुळात शेतकऱ्यांच्या ग्रामपंचायतींवर, हजारो कंत्राटी कामगारांच्या निवाऱ्याचा, पाण्याचा आणि सांडपाण्याचा भार येऊन पडला. एका खोलीत पाच-सहा तरुण पाळीपाळीने झोपतात, आणि तळेगाव चौकातील वाहतूककोंडीत त्यांच्या दिवसाचे दोन-दोन तास जातात. मोटारींची जुळणी सेकंदांच्या हिशेबाने करणाऱ्या उद्योगांच्या दाराशी ही अवस्था आहे.

ह्या सर्व घटनांच्या मुळाशी एक रेषा आहे, आणि ती कागदावर कोणीतरी काढलेली आहे. रेषा काढणारा शिक्षित तज्ज्ञ असतो. त्याचे शिक्षण सार्वजनिक व्यवस्थेतून झालेले असते. परंतु ज्यांच्या दारावरून ती रेषा जाते, त्यांच्या घरातून तो बहुधा आलेला नसतो. तो वाईट मनुष्य असतो असे आम्ही म्हणत नाही. पाण्याच्या रांगेत उभे राहण्याचा, रात्रपाळीहून आलेल्या बापाची झोप मोडू नये म्हणून जिन्यात बसून अभ्यास करण्याचा अनुभव त्याच्या गाठीस नसतो, एवढेच आमचे म्हणणे आहे. म्हणून नगररचनेच्या वर्गात कोणाची मुले बसतात, हा प्रश्न कामगार चळवळीचाच आहे.

आता शिष्यवृत्त्यांची स्थिती पाहू. वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातील कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना असून तिच्याद्वारे निम्मे शिक्षणशुल्क मिळते. २०२४ पासून अन्य मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत आणि ती चळवळींच्या रेट्यामुळेच पडली आहेत. परंतु शुल्काची रक्कम अखेरीस महाविद्यालयाच्या तिजोरीत जाते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचा खरा खर्च तिच्या बाहेरच राहतो: रेखाटनाचे कागद, मोठ्या आकाराच्या छपाया, प्रतिकृतींचे साहित्य, चांगल्या क्षमतेचा संगणक, अभ्यासदौरे, खोलीचे भाडे आणि खानावळ.

निर्वाहखर्चासाठी योजना नाहीत असे नाही. त्यांचे आकडे मात्र तपासून पाहावेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून ‘स्वाधार’ योजना सुरू झाली. जाहीर झाली तेव्हा तिच्यात पिंपरी-चिंचवडसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. निवासाच्या २०,००० रुपयांस बारांनी भागले तर महिन्याला १,६६७ रुपये येतात. आकुर्डीस किंवा निगडीस एवढ्या भाड्यात खोली शोधून दाखवावी, असे आव्हान आम्ही योजना आखणाऱ्यांस देतो. शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांस वर्षाला आणखी ५,००० आणि अन्य शाखांस २,००० रुपये अशी तरतूद झाली. ज्या शाखेत एका सत्राच्या छपाईतच असे दोन हजार संपतात, तिचा विचार ही विभागणी करताना कोणी केलेला दिसत नाही. पदव्युत्तर अभ्यासास ‘गेट’ परीक्षेतून येणाऱ्यांना मिळणारे दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन दहाएक वर्षांपूर्वी ठरले. महागाई वाढली, विद्यावेतन तेथेच राहिले. शिवाय ह्या रकमा वेळेवर हाती पडत नाहीत, ही राज्यभरातील विद्यार्थ्यांची नित्याची तक्रार आहे. मार्चमध्ये जमा झालेल्या पैशांनी ऑगस्टचे जेवण होत नाही.

‘कमवा व शिका’ हा कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिलेला मार्ग आम्हांस प्रिय आहे. परंतु ज्या अभ्यासक्रमात रात्र-रात्र आराखड्यांवर बसावे लागते, तेथे कमावण्यास वेळ उरत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर शिक्षणाची खरी किंमत केवळ भरलेल्या पैशांत नसते. त्या काळात जी मजुरी सोडून द्यावी लागते तीही तिच्यात धरावी लागते. सुखवस्तू घरास ही सोडलेली मजुरी जाणवत नाही. कंत्राटी कामगाराच्या घरात मात्र अठराव्या वर्षी चाकणच्या कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून उभा राहू शकणारा मुलगा पाच वर्षे काही आणणार नाही, ही गोष्टच निर्णायक ठरते. त्याची बुद्धी कमी पडत नाही, घराचा हिशेब बसत नाही. अशा वेळी तो जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातो. ते शिक्षणही सन्मानाचेच आहे. पण तेथे जाणे ही त्याची निवड असावी, सक्ती नसावी.

पारितोषिकांचे अर्थकारण ह्या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजे. पारितोषिक शर्यत संपल्यावर मिळते. उत्तम छपाई, उत्तम प्रतिकृती, दूरवरच्या स्थळांचे दौरे आणि चिंतामुक्त वेळ ज्यास लाभला, त्याचे काम अधिक देखणे होण्याचा संभव अधिक. म्हणजे आधी घरच्या भांडवलाने दिलेल्या सवलतीवर समाज नंतर गुणवत्तेचा शिक्का मारतो. शिष्यवृत्ती शर्यतीपूर्वी मिळते आणि शर्यतीत उतरण्याची शक्ती देते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका दहावी-बारावीत ठरावीक टक्क्यांहून अधिक गुण मिळविणाऱ्यांस रोख बक्षिसे देते. हेतू चांगला आहे. परंतु ज्या मुलीला बक्षीस मिळाले तिला पुढची पाच वर्षे कोणी सांभाळले, याची विचारपूस त्या बक्षिसाच्या रचनेत बसत नाही. एक छायाचित्र निघते आणि जबाबदारी संपते.

पारितोषिके कोणत्या कामास मिळतात, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना १९५७ पासून कार्यरत आहे. लुई कान यांच्या नावाने तिची जी ढाल दिली जाते ती जुन्या वस्त्यांच्या व वास्तूंच्या प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेल्या प्रलेखनासाठी आहे. मुले गटाने एखाद्या गावी जातात, घरे मोजतात, लोकांशी बोलतात. ह्यात खरे शिक्षण आहे. हीच दृष्टी खराबवाडीच्या भाड्याच्या चाळींकडे, कुदळवाडीच्या गोदामांकडे किंवा पिंपरी कॅम्पाच्या बाजारपेठेकडे वळली पाहिजे. संग्रहालये, विमानतळ आणि नदीकाठची सुशोभने यांचे देखणे आराखडे अंतिम वर्षाच्या प्रदर्शनांत शोभून दिसतात. पण सहा जणांच्या खोलीत हवा कशी खेळेल आणि शौचालयाची रांग कशी कमी होईल, हा प्रश्न बुद्धीचा अधिक कस पाहणारा आहे. तो सोडविणाऱ्यास पदक द्यावे, आम्ही सर्वांत पुढे बसून टाळ्या वाजवू.

शिष्यवृत्ती म्हणजे उपकार, अशी भावना आजही सत्ताधाऱ्यांच्या मनात घर करून आहे. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला असता तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून ही मुले असे काय दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा प्रश्न केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळात असा प्रश्न निघावा, ही खेदाची गोष्ट आहे. कारण ह्या प्रश्नाचे उत्तर ह्याच भूमीने शंभर वर्षांपूर्वी दिलेले आहे. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभारली. शुल्काइतकाच निवारा महत्त्वाचा आहे, हे त्यांनी ओळखले होते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्या दिव्याच्या उजेडात हे विधिमंडळ चालते.

त्या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण फारसा आठवत नाही, आणि आजच्या विषयाशी त्याचाच संबंध अधिक आहे. करारानुसार बडोद्याची सेवा करण्यासाठी डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये तेथे गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावण्यात आले आणि अखेर बडोदे सोडावे लागले. संस्थानाने शिष्यवृत्ती दिली, शहराने निवारा नाकारला. विद्या देणारी व्यवस्था आणि वस्ती घडविणारी व्यवस्था परस्परांना अनोळखी राहिल्या, तर काय होते याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये आजही जात, धर्म आणि प्रांत पाहून खोली नाकारली जाते. जो विद्यार्थी हे सोसून नगररचना शिकेल, तो वस्तीचा नकाशा वेगळ्या डोळ्यांनी पाहील.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून वास्तुकला व नगररचनेच्या विद्यार्थ्यांसाठी एक सार्वजनिक अधिछात्रवृत्ती सुरू करावी. कंत्राटी व असंघटित कामगारांची, कचरावेचक व घरकामगारांची, तसेच ज्यांच्या जमिनी उद्योगांसाठी गेल्या त्या शेतकऱ्यांची मुले-मुली तिला पात्र असावीत. ती शासनाच्या सध्याच्या शुल्कसवलतींच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीला असावी. रक्कम दर महिन्याच्या आरंभी मिळावी, पाचही वर्षे मिळावी आणि महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेली असावी.

पैसा कोठून आणणार, हा प्रश्न लगेच येईल. त्याचा हिशेब मांडू. दरवर्षी ५० विद्यार्थी निवडले आणि प्रत्येकास दरमहा १५,००० रुपये दिले, तर एका विद्यार्थ्यामागे वर्षाला १ लाख ८० हजार लागतील. पाच वर्षांत एकूण २५० विद्यार्थी योजनेत असतील आणि वार्षिक खर्च साडेचार कोटी होईल. महानगरपालिकेचा अर्थसंकल्प केवळ पाच हजार कोटींचा धरला तरी हा खर्च शंभर रुपयांत नऊ पैसे एवढा आहे, आणि तोही तीन संस्थांनी वाटून घ्यावयाचा आहे. चौकांच्या सुशोभनावर ह्याहून अधिक पैसा ज्या शहरात सहज खर्च होतो, तेथे निधीची सबब टिकणारी नाही.

उद्योगांनाही ह्यातून सुटका नको. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. पण कोणत्या कामावर, हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. साहजिकच जेथे नावाची पाटी लागते तेथे पैसा जातो. चाकण-पिंपरीतील कंपन्यांनी ह्या रकमेचा काही अंश सामाईक निधीत द्यावा. अधिछात्रवृत्तीस कोणत्याही कंपनीचे नाव असू नये आणि निवडीत त्यांचा हात असू नये. कामगाराच्या मुलीने आपल्या शिक्षणासाठी बापाच्या मालकाचे आभार मानावेत, ही स्थिती आम्हांस मान्य नाही. तो नफा तिच्या बापाच्या श्रमातूनही निर्माण झालेला आहे.

बडोदे संस्थानाप्रमाणे सेवेची अट घालावी काय? दोन वर्षे सार्वजनिक नियोजन कार्यालयात काम करण्याची अट आम्हांस गैर वाटत नाही. परंतु त्यासाठी आधी पूर्ण वेतनाच्या जागा निर्माण केल्या पाहिजेत. नगररचना खात्यांतील पदे रिक्त ठेवावयाची, आराखडे खासगी सल्लागारांकडून करून घ्यावयाचे आणि गरीब विद्यार्थ्यावर सेवेचे बंधन लादावयाचे, हा अन्याय होईल. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २०२२ मध्ये तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. तेथे नियोजनाचे शिक्षण दिले जाते आणि त्या विद्यापीठास चिखलीत जागाही मिळाली आहे. ज्या चिखलीत बुलडोझर चालले, तेथेच नियोजनाचा अभ्यास करणाऱ्यांनी वस्तीचे दार ठोठवावे, याहून उचित प्रारंभ कोणता?

पारितोषिकेही राहू द्यावीत. त्यांची रीत मात्र बदलावी. कामगारवस्ती, भाड्याच्या खोल्या, पायी व सायकलने कामावर जाणाऱ्यांचे रस्ते ह्या विषयांवरील उत्तम प्रबंधास सार्वजनिक पारितोषिक द्यावे. परीक्षकांत अनुभवी वास्तुविशारदांबरोबर कामगार संघटनेचा प्रतिनिधी आणि त्या वस्तीतील एक रहिवासी स्त्री असावी. इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधाचा मराठी सारांश प्रभाग कार्यालयात लावावा, म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना तो वाचता येईल आणि चुकले असेल तर सांगता येईल. २०२५ मध्ये शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो नागरिकांनी हरकती नोंदविल्या. त्या हरकती लिहून देण्यास आणि नकाशा समजावून सांगण्यास प्रत्येक प्रभागात दोन प्रशिक्षित तरुण असते, तर लोकांची भीती कमी आणि सूचना नेमक्या झाल्या असत्या.

आमच्या कार्यकर्त्यांनी ह्या कामी पुढाकार घ्यावा. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील बारावीच्या मुला-मुलींची यादी करावी, त्यांना वास्तुकला व नगररचनेच्या प्रवेशपरीक्षांची माहिती द्यावी, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यावेत आणि रखडलेल्या रकमांचा हिशेब समाजकल्याण कार्यालयासमोर मांडावा. महानगरपालिकेच्या पुढील अर्थसंकल्पात ह्या अधिछात्रवृत्तीची स्वतंत्र तरतूद व्हावी, म्हणून सह्यांची मोहीम हाती घ्यावी. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकांत मुलांच्या उच्च शिक्षणाचे कलम घालावे. हे काम मोर्चाइतके गाजणारे नाही. परंतु पन्नास वर्षे ज्यांच्या घरांवरून दुसऱ्यांनी रेषा ओढल्या, त्यांच्या मुलांच्या हाती पेन्सिल देण्याचे काम ह्याहून लहान मानता येणार नाही.